दुरुस्त केलेली लायब्ररी परत जुनी होते: गिट सबमॉड्यूलच्या तक्रारी आणि उपाय

सोमवारी मोडबस (यंत्रांनी एकमेकांशी बोलायची पद्धत) लायब्ररीतला टाइमआउटचा बग दुरुस्त केला, मुख्य रिपोत ती दुरुस्ती घेतली, बेंचवर दोन तास चालवून पाहिलं. ठीक होतं. गुरुवारी टेस्टिंगमधून फोन आला, "सर, तोच प्रॉब्लेम परत आलाय." कोड उघडला तर दुरुस्ती खरोखरच गायब. लायब्ररीच्या इतिहासात ती कोणी काढल्याची खूण नाही. परत घेतली, तर पुढच्या आठवड्यात परत गेली. तिसऱ्या वेळी मात्र आम्ही बाकीची कामं बाजूला ठेवून याच्याच मागे लागलो.

गिट म्हणजे कोडचा इतिहास सांभाळणारं साधन, रिपो म्हणजे त्यात ठेवलेला कोडचा साठा, आणि सबमॉड्यूल म्हणजे एका रिपोत जोडलेला दुसरा रिपो. आमची रचना साधी आहे. शेतपंपाच्या कंट्रोलरचं फर्मवेअर हा मुख्य रिपो. त्यात मोडबसची लायब्ररी सबमॉड्यूल म्हणून जोडलेली, कारण तीच लायब्ररी आणखी दोन उत्पादनांत लागते. आणि त्या लायब्ररीच्या पोटात सीआरसी (डेटा बिघडला का ते तपासणारा आकडा), लॉगिंग वगैरेंची एक छोटी युटिल लायब्ररी, तीही सबमॉड्यूलच. आज्ञा मी वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

मुख्य रिपोत लायब्ररी नसतेच

सबमॉड्यूल जोडला की लायब्ररीचा फोल्डर आपल्या रिपोत आला असं वाटतं. तो येत नाही. फोल्डरच्या जागी लायब्ररीच्या एका कमिटचा (नोंदवून ठेवलेल्या बदलाचा) ४० अक्षरी हॅश (ओळखक्रमांक) गिट लिहून ठेवतं, बस. साध्या फाइलचा मोड १००६४४ असतो, या नोंदीचा १६००००. हिला गिटलिंक म्हणतात. खात्री करायची असेल तर:

गिट एलएस-ट्री हेड लिब्स/

मोडबसच्या ओळीत ब्लॉब (फाइल) किंवा ट्री (फोल्डर) याऐवजी कमिट असा शब्द दिसेल. त्या नोंदीत ब्रांच (कामाची फांदी) नाही, टॅग (आवृत्तीचं नाव) नाही, आणि "जे ताजं असेल ते" तर मुळीच नाही.

लायब्ररी कुठून आणायची याचा पत्ता वेगळ्या जागी असतो, तोही तीन ठिकाणी. पहिला .गिटमॉड्यूल्स या फाइलमध्ये. ही फाइल कमिट होते, त्यामुळे सगळ्यांना सारखी मिळते. इनिट केलं (सबमॉड्यूल सुरू केला) की त्याची नक्कल तुमच्या मशीनवरच्या .गिट/कॉन्फिगमध्ये उतरते. लायब्ररीचा खरा गिट डेटाबेस .गिट/मॉड्यूल्स या फोल्डरात जातो आणि तिथल्या कॉन्फिगमध्ये ओरिजिन म्हणून पत्त्याची तिसरी प्रत बसते. या सगळ्याहून निराळी गोष्ट म्हणजे डिस्कवर आत्ता प्रत्यक्ष उतरवलेला कोड.

सातबाऱ्यावर एक पीक आणि शेतात दुसरंच उभं, असा प्रकार गावाकडे पाहिला असेल. तिथे नोंद खोटी असतेच असं नाही, बऱ्याचदा ती फक्त जुनी असते. सबमॉड्यूलची तक्रार आली की मी पहिलं हेच शोधतो: कुठली नोंद कुठल्या नोंदीशी जुळत नाहीये. त्यासाठी एकच आज्ञा पुरते.

गिट सबमॉड्यूल स्टेटस --रिकर्सिव्ह

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचं चिन्ह बघायचं. वजा असेल तर तो सबमॉड्यूल अजून इनिटच झालेला नाही. यू असेल तर मर्जचा, म्हणजे दोन बाजूंचे बदल एकत्र करतानाचा, कॉन्फ्लिक्ट आहे. काहीच नसेल तर नोंद आणि डिस्क जुळताहेत. आणि अधिकचं चिन्ह असेल तर डिस्कवरचा कमिट नोंदीपेक्षा वेगळा आहे. अधिक दिसलं की हात थांबवा, कारण आमचा बग इथूनच परत येत होता.

बग नेमका कसा परतला

घटनाक्रम असा. मी मोडबसची दुरुस्ती मुख्य रिपोत घेतली, म्हणजे गिटलिंकमधला हॅश बदलून पुश केला (सर्व्हरवर पाठवला). टीममधल्या सहकाऱ्याने मुख्य रिपोत गिट पुल केलं (सर्व्हरवरचे बदल आणले). साधं गिट पुल मुख्य रिपोच्या फाइली आणि गिटलिंकची नोंद पुढे नेतं. सबमॉड्यूलचे कमिट फेच झाले तरी डिस्कवर उतरलेल्या लायब्ररीला ते हात लावत नाही. म्हणजे त्याच्याकडे नोंद नवी झाली आणि लायब्ररी जुनीच राहिली.

आता त्याने गिट स्टेटस केलं. तिथे लिब्स/मोडबस बदललेलं दिसलं आणि शेजारी शेरा होता "न्यू कमिट्स". हा शेरा वाचणाऱ्याला फसवतो. गिटला म्हणायचं असतं एवढंच, की डिस्कवरचा कमिट नोंदीतल्या कमिटपेक्षा वेगळा आहे. तो पुढचा की मागचा हे शेरा सांगत नाही. आमच्या बाबतीत तो चक्क दोन आठवडे जुना होता आणि स्टेटस त्याला "न्यू" म्हणत होतं. सहकाऱ्याला वाटलं, नवीन काहीतरी आलंय, तेही जाऊ दे सोबत. त्याने गिट कमिट -एएम केलं, ज्यात बदललेलं सगळंच जातं. त्याच्या डिस्प्लेच्या चार फाइलींबरोबर गिटलिंकही कमिट झाली आणि पॉइंटर, म्हणजे तिच्यातला हॅश, मागे गेला.

रिव्ह्यूमध्ये हे कोणालाच का दिसलं नाही? डिफमध्ये (बदलांच्या यादीत) ते दोन ओळींचं असतं. "सबप्रोजेक्ट कमिट" आणि एक हॅश, वजा खूण लावून. खाली तसंच, अधिक खूण लावून. चाळीस-चाळीस अक्षरांचे दोन हॅश पाहून कुठला आधीचा हे माणसाला कळणं शक्य नाही. मी स्वतः ती पुल रिक्वेस्ट (बदल मुख्य कोडमध्ये घ्यायची विनंती) मंजूर केली होती.

तुमच्याकडे असं झालंय का हे पाहायचं असेल तर मुख्य रिपोत हे चालवा:

गिट लॉग -पी --सबमॉड्यूल=लॉग -- लिब्स/मोडबस

आता हॅशच्या जोडीऐवजी लायब्ररीतल्या कमिटचे संदेशच दिसतात. पुढे गेलेल्या बदलात प्रत्येक संदेशाआधी उजवीकडे तोंड असलेला बाण येतो. मागे गेलेल्या बदलात वर "रिवाइंड" असं स्पष्ट लिहिलेलं असतं आणि बाण डावीकडे वळलेले. आम्ही हे पहिल्यांदा चालवलं तेव्हा चार महिन्यांत पाच रिवाइंड सापडले, तीन वेगवेगळ्या माणसांचे. म्हणजे एकाच माणसाची चूक म्हणून सोडून देता येईना. "कमिट्स नॉट प्रेझेंट" असं दिसलं तर लायब्ररीत आधी फेच करून घ्या. ते कमिट तुमच्या मशीनवर नसल्यामुळे गिटला तुलना करता येत नसते.

तात्पुरती दुरुस्ती सोपी आहे:

सीडी लिब्स/मोडबस
गिट फेच
गिट चेकआउट <हवा तो हॅश>
सीडी ../..
गिट अॅड लिब्स/मोडबस
गिट कमिट

हे आम्ही दोनदा केलं होतं. त्याने बग जातो, पण पुढच्या पुलनंतर परत येतो.

कायमचा उपाय

टीममधल्या प्रत्येकाच्या मशीनवर ही तीन सेटिंग्ज टाकली.

गिट कॉन्फिग --ग्लोबल सबमॉड्यूल.रिकर्स ट्रू
गिट कॉन्फिग --ग्लोबल डिफ.सबमॉड्यूल लॉग
गिट कॉन्फिग --ग्लोबल स्टेटस.सबमॉड्यूलसमरी ट्रू

पहिल्या सेटिंगमुळे पुल, चेकआउट, स्विच, रिसेट वगैरे आज्ञा सबमॉड्यूललाही सोबत घेऊन जातात. पुल केलं की लायब्ररी नोंदीप्रमाणे उतरते आणि बहुतेक वेळा अधिकचं चिन्ह दिसतच नाही. तिला दोन मर्यादा आहेत. क्लोनला ती लागू नाही, तिथे --रिकर्स-सबमॉड्यूल्स हाताने द्यावंच लागतं. आणि कोणी मुख्य रिपोत नवा सबमॉड्यूल जोडला असेल तर तो पुलबरोबर आपोआप उतरेलच असं धरून चालू नका. फोल्डर रिकामा दिसला की:

गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह

दुसऱ्या आणि तिसऱ्या सेटिंगमुळे डिफ आणि स्टेटसमध्ये हॅशऐवजी संदेश दिसू लागतात. सहकाऱ्याला त्या दिवशी बाण डावीकडे दिसला असता तर त्याने कमिट केलं नसतं.

पण सेटिंग हे माणसाच्या मशीनवर असतं. नवा लॅपटॉप आला, इंटर्न आला, की विसरलं जातं. म्हणून खरा पहारा सीआयमध्ये (बदल आला की आपोआप बिल्ड आणि चाचण्या चालवणाऱ्या व्यवस्थेत) बसवला. कल्पना एवढीच: पुल रिक्वेस्टमधला नवा पॉइंटर हा जुन्या पॉइंटरचा वंशज असलाच पाहिजे.

पाया=$(गिट मर्ज-बेस ओरिजिन/मेन हेड)
जुना=$(गिट रेव्ह-पार्स $पाया:लिब्स/मोडबस)
नवा=$(गिट रेव्ह-पार्स हेड:लिब्स/मोडबस)
गिट -सी लिब्स/मोडबस मर्ज-बेस --इज-अॅन्सेस्टर $जुना $नवा

शेवटच्या ओळीतला सी मोठ्या लिपीतला. त्याचा अर्थ ही आज्ञा त्या फोल्डरात जाऊन चालव. वंशज असेल तर आज्ञा शून्य परत देते, नसेल तर एक, आणि सीआय लाल होतं. यातली पहिली ओळ आम्ही नंतर घातली. आधी जुना पॉइंटर थेट मेनच्या (मुख्य ब्रांचच्या) टोकावरून घेत होतो, तर ज्यांनी सबमॉड्यूलला हातही लावला नव्हता अशांच्या पुल रिक्वेस्ट लाल व्हायला लागल्या, कारण त्यांची ब्रांच फुटल्यानंतर मेनवरचा पॉइंटर पुढे गेला होता. ब्रांच जिथे फुटली त्या कमिटशी तुलना केली की हा त्रास संपतो. सीआय बरेचदा उथळ क्लोन घेतं, म्हणजे इतिहासाचं फक्त टोक; त्यात वंशज शोधता येत नाही. या एका तपासासाठी मुख्य रिपो आणि लायब्ररी दोन्हींचा पूर्ण इतिहास घ्यायला सांगा.

कधी पॉइंटर मुद्दाम मागे न्यायचा असतो. नवी लायब्ररी बिघडलेली निघाली आणि उद्या सकाळी माल पाठवायचाय, अशी वेळ येते. त्यासाठी आम्ही पुल रिक्वेस्टला एक लेबल ठरवलंय. ते लावलेलं असेल तर तपास वगळला जातो. निदान मागे जातोय हे माहीत असून जातो.

एक चुकीचा उपाय बराच सुचवला जातो: .गिटमॉड्यूल्समध्ये इग्नोर=ऑल लिहून टाका, स्टेटसमध्ये काही दिसणारच नाही. दिसत नाही हे खरं, पण डिस्कवरची जुनी लायब्ररी तशीच राहते आणि बिल्ड तिच्यातूनच होतं. तापमापक फोडून ताप जात नाही.

"नॉट अवर रेफ" आणि हरवलेला कमिट

दुसरी तक्रार सीआयमध्ये किंवा नव्या माणसाच्या क्लोनमध्ये दिसते. "अपलोड-पॅक: नॉट अवर रेफ" असं काहीतरी, जुन्या गिटवर "रेफरन्स इज नॉट अ ट्री". अर्थ एकच: मुख्य रिपो ज्या कमिटकडे बोट दाखवतोय तो लायब्ररीच्या सर्व्हरवर मिळत नाही.

बहुतेक वेळा कोणीतरी लायब्ररीत कमिट केलेलं असतं, मुख्य रिपो पुश केलेला असतो, लायब्ररी पुश करायची राहिलेली असते. त्याच्या मशीनवर सगळं चालतं, म्हणून तो शपथेवर सांगतो की माझ्याकडे बिल्ड होतंय. उपाय:

गिट कॉन्फिग --ग्लोबल पुश.रिकर्ससबमॉड्यूल्स चेक

आता लायब्ररीचा कमिट रिमोटवर नसेल तर मुख्य रिपोचं पुश अडवलं जातं. चेकच्या जागी ऑन-डिमांड लिहिलं तर गिट लायब्ररीही स्वतः पुश करायला जातं. मला ते आवडत नाही. लायब्ररीत काय जातंय हे माणसाने पाहूनच गेलं पाहिजे. लक्षात ठेवा, वर सबमॉड्यूल.रिकर्स ट्रू केलंय. पुशसाठी वेगळं काही सांगितलं नाही तर त्याचा अर्थ ऑन-डिमांड असाच धरला जातो. म्हणून चेक स्पष्ट लिहा.

याच तक्रारीचं दुसरं कारण जास्त छुपं आहे, आणि पुल रिक्वेस्टवर काम करणाऱ्या टीमला ते हमखास भेटतं. लायब्ररीच्या फीचर ब्रांचवर कमिट केला, पुश केला, मुख्य रिपोचा पॉइंटर त्या कमिटवर नेला. इकडे लायब्ररीची पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात दाबून) मर्ज झाली आणि ब्रांच डिलीट झाली. स्क्वॉशमध्ये नवा कमिट तयार होतो, नव्या हॅशचा. आपला पॉइंटर ज्या कमिटवर आहे तो आता कुठल्याच ब्रांचवर नाही. काही दिवस सर्व्हर तो देतही राहील, आणि एक दिवस साफसफाईत जाईल. तेव्हा वर्षभरापूर्वीची फर्मवेअर आवृत्ती परत बिल्ड करायला गेलात की रिकामे हात. आमचा नियम असा आहे की आधी लायब्ररी मर्ज होते, मग तिच्या मेनवरचा कमिट घेऊन पॉइंटर हलतो. यात एक दिवस जास्त जातो. जाऊ दे.

डिटॅच्ड हेडही इथेच येतं. गिट सबमॉड्यूल अपडेट नेहमीच्या पद्धतीने केलं की लायब्ररी थेट त्या हॅशवर चेकआउट होते, कुठल्याही ब्रांचवर नाही. त्याच अवस्थेत काम करून कमिट केला आणि नंतर कोणी अपडेट चालवलं, तर तुमचा कमिट डोळ्यांसमोरून नाहीसा होतो. घाबरू नका, तो डेटाबेसमध्ये असतो. लायब्ररीच्या फोल्डरात गिट रिफ्लॉग (आधी कुठल्या कुठल्या कमिटवर होतो याची नोंद) चालवा, हॅश शोधा, आणि त्यावर लगेच एक ब्रांच काढा. आवाक्याबाहेर गेलेल्या कमिटची रिफ्लॉगमधली नोंद साधारणपणे ३० दिवस टिकते, त्यामुळे आज सुचलं तर आजच करा. सबमॉड्यूलमध्ये हात घालायच्या आधी गिट स्विच मेन करायची सवय लागली की ही भानगड उरत नाही.

पत्ता बदलला, पण जुन्याच घरी जातोय

लायब्ररीचा रिपो नव्या सर्व्हरवर हलवला, .गिटमॉड्यूल्समध्ये पत्ता बदलला, कमिट केला. नव्याने क्लोन करणाऱ्यांचं चालतं, जुन्यांचं नाही. कारण वर सांगितलेल्या तीन प्रतींपैकी फक्त पहिली बदलली. जुन्या मशीनवर:

गिट सबमॉड्यूल सिंक --रिकर्सिव्ह
गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह

रिकर्सिव्ह विसरलात तर मोडबस नव्या पत्त्यावरून येईल आणि तिच्या पोटातली युटिल जुन्याच पत्त्यावर जाऊन आपटेल. आमचं नेमकं तेच झालं होतं.

पत्ता सापेक्ष लिहिता येतो, म्हणजे ../मोडबस.गिट असा. तो मुख्य रिपोच्या ओरिजिनवरून ठरतो. मुख्य रिपो एसएसएचने क्लोन केला तर लायब्ररीही एसएसएचने, एचटीटीपीएसने केला तर तीही तशीच. सीआयमधल्या निम्म्या परवानगीच्या अडचणी यानेच सुटतात. मात्र मुख्य रिपोची प्रत दुसऱ्या सर्व्हरवर नेली तर शेजारी लायब्ररीची प्रतही हवी. ईएसपी३२ चिपवर काम करणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल: एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी-आयडीएफ या साधनसंचात सबमॉड्यूलचे पत्ते सापेक्ष आहेत, त्यामुळे तो गिटहबबाहेरच्या सर्व्हरवर फोर्क केला की ते जुळत नाहीत, त्यासाठी त्यांनी टूल्स फोल्डरात सेट-सबमॉड्यूल्स-टू-गिटहब नावाची स्क्रिप्टच ठेवली आहे. गिटहबवरून झिप डाउनलोड करणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, त्या झिपमध्ये सबमॉड्यूलचे फोल्डर रिकामे येतात. त्यावर कितीही अपडेट चालवा, तो गिट रिपोच नाही.

खाजगी लायब्ररी असेल तर सीआयचं टोकन बरेचदा फक्त मुख्य रिपोपुरतं असतं. एरर येते "रिपॉझिटरी नॉट फाउंड", आणि माणूस पत्त्यात स्पेलिंगची चूक शोधत बसतो. आधी परवानगी तपासा.

हा एक प्रकार आमच्या लॅबच्या मशीनवर आला. तिथे इंटरनेट नाही, लायब्ररी नेटवर्क ड्राइव्हवरच्या बेअर रिपोतून (फाइली न उतरवलेल्या, फक्त इतिहास असलेल्या रिपोतून) येते. गिट अपग्रेड केलं आणि "ट्रान्सपोर्ट फाइल नॉट अलाउड" सुरू झालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या २.३८.१ पासून सुरक्षेसाठी सबमॉड्यूलमध्ये फाइलचा मार्ग वापरायला आपोआप परवानगी नाही. रिपो तुमचाच आहे, भरवशाचा आहे, तर तेवढ्यापुरती द्या:

गिट -सी प्रोटोकॉल.फाइल.अलाउ=ऑल्वेज सबमॉड्यूल अपडेट --इनिट

इथला सी लहान लिपीतला. ग्लोबल सेटिंग करून टाकायचा मोह होतो, पण अनोळखी रिपो सबमॉड्यूलसकट क्लोन करणं हा खरा धोका आहे. २०१८ मध्येही सबमॉड्यूलच्या नावातून बाहेरच्याला कोड चालवता येईल अशी फट सापडली होती आणि ती २.१७.१ मध्ये बुजवली गेली.

पोटातलं पोट

एका थराचा सबमॉड्यूल सांभाळता येतो. दोन थर झाले की मी हात जोडतो. आमच्या मोडबसच्या आत युटिल होती. नंतर मुख्य फर्मवेअरलाही लॉगिंग हवं झालं म्हणून कोणीतरी तीच युटिल मुख्य रिपोतही जोडली. आता एकाच लायब्ररीच्या दोन प्रती, दोन वेगळ्या हॅशवर. लिंकर (बिल्डचे तुकडे जोडणारं साधन) "मल्टिपल डेफिनिशन" म्हणाला ते बरं झालं. हेडर एका प्रतीचं आणि कोड दुसऱ्या प्रतीचा, असं गुपचूप बिल्ड झालं असतं तर शोधायला महिना गेला असता. शिवाय युटिलमध्ये एक ओळ बदलायची तर तीन रिपोत तीन कमिट, क्रमाने: आधी युटिल, मग मोडबस, मग मुख्य. मधला एक चुकला की वरचा सगळा डोलारा जुन्यावर.

आम्ही आतला सबमॉड्यूल काढून टाकला. युटिल आता फक्त मुख्य रिपोत आहे आणि तिचा मार्ग मोडबसला बिल्डच्या वेळी बाहेरून दिला जातो. एकटी मोडबस तपासायची असेल तर तिच्या चाचण्यांची स्क्रिप्ट युटिल वेगळी उतरवून घेते. थोडं गैरसोयीचं आहे, पण कोण कुठल्या आवृत्तीवर आहे हे एका ठिकाणी दिसतं.

काढणं मात्र नीट करावं लागतं:

गिट सबमॉड्यूल डीइनिट -एफ लिब्स/युटिल
गिट आरएम लिब्स/युटिल
आरएम -आरएफ .गिट/मॉड्यूल्स/लिब्स/युटिल

या आज्ञा त्या रिपोच्या मुळातून चालवायच्या. शेवटच्या ओळीतला मार्ग तुमच्याकडे वेगळा असू शकतो: सबमॉड्यूल दुसऱ्या सबमॉड्यूलच्या आत असेल तर त्याचा डेटाबेसही बाहेरच्याच्या मॉड्यूल्स फोल्डरात आणखी आत असतो. .गिट/मॉड्यूल्स उघडून पाहा, मगच आरएम -आरएफ चालवा. ही ओळ विसरलात तर त्याच नावाने परत जोडताना गिट म्हणतं की या नावाची गिट डिरेक्टरी आधीच सापडली, आणि अडतं.

कोणी लायब्ररी हाताने क्लोन करून मुख्य रिपोच्या आत टाकली आणि गिट अॅड केलं, तर गिटलिंक तयार होते पण .गिटमॉड्यूल्समध्ये पत्ता नसतो. मग बाकीच्यांना "नो यूआरएल फाउंड फॉर सबमॉड्यूल पाथ" मिळतं. २.१४ पासून गिट अॅड करतानाच इशारा देतं, पण इशारे वाचतो कोण. गिट आरएम --कॅश्ड करून नोंद काढा, फोल्डर बाजूला करा आणि गिट सबमॉड्यूल अॅडने रीतसर जोडा.

मग सबमॉड्यूल वापरावेतच का? लायब्ररी क्वचित बदलत असेल आणि तुमच्या भाषेला चांगला पॅकेज मॅनेजर असेल तर तोच वापरा. लायब्ररी एकाच उत्पादनात असेल तर सरळ त्याच रिपोत ठेवा. गिट सबट्री कोड खरोखरच मुख्य रिपोत आणतं, त्यामुळे क्लोन करणाऱ्याला काहीच वेगळं करावं लागत नाही. बदल परत लायब्ररीकडे पाठवताना मात्र जीव जातो. मर्क्युरिअल या गिटसारख्याच साधनाच्या लोकांनी तर त्यांच्या सबरिपोला स्वतःच शेवटचा पर्याय म्हणून ठेवलंय. आम्ही सबमॉड्यूलवर राहिलो ते त्या हट्टी हॅशमुळे. सबव्हर्जन या जुन्या साधनाच्या एक्स्टर्नल्समध्ये (बाहेरची लायब्ररी जोडायच्या सोयीत) आवृत्तीचा क्रमांक बांधला नाही तर दर वेळी ताजं जे असेल ते येतं, आणि जुना टॅग उतरवला तरी आतली लायब्ररी आजची. शेतात तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या कंट्रोलरची तक्रार आली तर मला तेव्हाचीच लायब्ररी हवी असते.

मर्जमध्ये दोन्हीकडून पॉइंटर हलला असेल आणि त्यातला एक दुसऱ्याचा वंशज असेल, आणि दोन्ही कमिट तुमच्या मशीनवर असतील, तर गिट पुढचा आपणच घेतं. नसेल तर कॉन्फ्लिक्ट. लायब्ररीत जाऊन दोन्ही बाजू खरोखर मर्ज करा, पुश करा, तो कमिट चेकआउट करा, वर येऊन गिट अॅड लिब्स/मोडबस. दोनातला एक निवडून मोकळं झालात तर दुसऱ्याची दुरुस्ती गेली, आणि फोन परत येणार.

जुन्या तक्रारीचा माग काढायला बायसेक्ट (इतिहास निम्मा-निम्मा करत बग आणणारा कमिट शोधणारी आज्ञा) वापरत असाल तर प्रत्येक पायरीवर लायब्ररीही त्या त्या वेळची उतरवा. सबमॉड्यूल.रिकर्सवर इथे विसंबू नका, स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा:

गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह || एक्झिट १२५
मेक टेस्ट

१२५ हा आकडा बायसेक्टला सांगतो की ही पायरी तपासता येत नाही, सोडून दे. एखाद्या जुन्या पायरीवर स्क्वॉशमध्ये हरवलेला कमिट निघाला तर अपडेट अपयशी होतं, आणि हा आकडा दिला नसेल तर बायसेक्ट त्या पायरीलाच बग समजून भलत्याच कमिटवर बोट ठेवू शकतं.